प्लेगच्या पोटातला थर्मामीटर

आमच्या नगरकडच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडातलं नगर काही जात नाही) जुन्या माणसांच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग असायचा. 'उंदीर पडले.' मेले नाही, पडले. धाब्याच्या घरांत सरांवरून, माळवदाच्या फटींतून, कणगीच्या मागून झिंगल्यासारखे उंदीर बाहेर यायचे आणि माणसांच्या देखत जमिनीवर पडून मरायचे. आजीने हे तिच्या सासूकडून ऐकलेलं. उंदीर पडले की गाव सोडायचं, पोरंबाळं नि जनावरं घेऊन मळ्यात जायचं, छपरं घालून राहायचं, आणि उन्हं तापली की परत यायचं.

या सगळ्यातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस अडकून बसलं होतं. उन्हं तापली की परत का? साथ संपली की परत, हे समजण्यासारखं आहे. पण साथ उन्हं तापल्यावरच का संपावी? हिवताप पावसाळ्यात वाढतो कारण डास वाढतात, हे शाळेत शिकलोय. प्लेगचं काय? मी पडलो कॉम्प्युटर इंजिनियर, बायॉलॉजीशी संबंध बारावीतच तुटलेला. तरी गेले तीन-चार वीकएंड यावर वाचत बसलो आणि जे सापडलं ते इतकं भारी निघालं की लिहिल्याशिवाय राहवेना. लेख लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्यांदा सांगितलं की हा साधा ताप नाही, हा प्लेग आहे. काखेत किंवा जांघेत गाठ, तणतणून ताप, आणि चार-पाच दिवसांत माणूस संपला. मराठी वर्तमानपत्रं त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत, लोक नुसतं 'गाठीचा ताप' म्हणत. मुंबईतून लाखो लोक गावाकडे पळाले आणि त्यांच्याबरोबर, म्हणजे त्यांच्या बोचक्यांबरोबर, प्लेग घाटावर आला. पुढच्या तीसेक वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं प्लेगने गेली. नगर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या भरली ८,३७,६९५, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी. यात मोठा वाटा दुष्काळाचा आहे हे खरं, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयानक दुष्काळ त्या दहा वर्षांत पडले. पण उपाशी माणसाच्या दारात प्लेग आला तर काय होणार हे सांगायला डॉक्टर नको.

लोकांच्या मनात ही गोष्ट किती खोल गेली होती याची एक खूण आपल्याच जिल्ह्यात आहे. श्रीसाईसच्चरिताच्या सातव्या अध्यायात अमरावतीच्या खापर्ड्यांच्या मुलाला शिर्डीत ताप येऊन गाठी उठल्याची आणि बाबांनी कफनी वर करून त्याच गाठी स्वतःच्या अंगावर दाखवल्याची कथा आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. मला त्यातली आईची भीती खरी वाटते. मुलाला ताप आला आणि गाठ दिसली, की त्या काळात पुढचं काय ते सगळ्यांना माहीत होतं.

सरकारने काय केलं ते आपल्याला शाळेतल्या इतिहासात असतं. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला (हाच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा कपाटातून बाहेर काढला गेला), पुण्यात रँडची प्लेग कमिटी आली, गोरे सोजीर घराघरांत घुसले, सामान रस्त्यावर आलं, जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. हे इथे पुन्हा सांगत बसत नाही. मुद्दा एवढाच की या सगळ्या धुमाकुळामागे एक समजूत होती: प्लेग घाणीत असतो, नेटिवांच्या अंधाऱ्या घरांत असतो, त्यांच्या कपड्यांत आणि सवयींत असतो. त्यामुळे उपाय म्हणजे माणसं वेगळी काढा, घरं कार्बोलिकने धुवा. आता गंमत बघा, गटारांत नि घरांत कार्बोलिकचा मारा केला की सगळ्यात आधी उंदीर पळतात. कुठे? शेजारच्या आळीत.

याच धामधुमीत १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला, अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्याकडे झालं होतं, हे नगरकरांना सुद्धा अनेकदा माहीत नसतं. डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचं कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. तो वाचला, त्या गेल्या. त्यांना नक्की कसा संसर्ग झाला हे आज कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण प्लेगचा नेहमीचा रस्ता बघता अंदाज करता येतो. त्या मुलाच्या कपड्यांत किंवा घोंगडीत पिसू असणार.

पिसूचं हे प्रकरण तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने जून १८९८ मध्ये कराचीत एका हॉटेलच्या खोलीत आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांना स्पर्श होणार नाही असे ठेवले आणि पिसवा मधून जाऊन रोग नेतात हे दाखवलं. त्याचं म्हणणं सरकारी प्लेग कमिशनने चक्क बाजूला सारलं. मग सात-आठ वर्षांनी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (आजचं हाफकिन इन्स्टिट्यूट) ग्लेन लिस्टन वगैरे मंडळींनी तेच पुन्हा, खूपच नेटकेपणाने सिद्ध केलं. त्यातला एक प्रयोग मला फार आवडला. पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगायचे. जमिनीपासून दोन इंच उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या जनावरांना प्लेग होतो, दोन फुटांवर टांगलेल्यांना होत नाही. का? कारण पिसूला तेवढी उडी मारता येत नाही. बस्स. हवा तीच, वास तोच, 'घाण' तीच. फक्त उंचीचा फरक.

म्हणजे मळ्यात जाऊन राहणारी माणसं अगदी बरोबर होती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरं रक्त शोधतात, आणि धाब्याच्या घरात दुसरं जवळचं रक्त म्हणजे खाली निजलेला माणूस. उंदीर पडायला लागल्यावर घर सोडणं हा त्या काळी उपलब्ध असलेला सगळ्यात चांगला उपाय होता, आणि तो लोकांनी कुणा कमिशनच्या आधी शोधून काढला होता.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. उन्हं तापली की परत का?

परळच्या मंडळींनी वर्षानुवर्षांचे आकडे मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. प्लेगला सीझन असतो, आणि तो गावागणिक वेगळा असतो. मुंबईत जानेवारीत चढायचा, मार्चच्या आसपास शिखर गाठायचा आणि मे महिन्यात बसायचा. दख्खनच्या पठारावर पावसाने हवा गार झाली की सुरुवात, पावसाळ्याच्या शेवटी आणि थंडीत जोर, आणि उन्हाळ्यात शांत. सरासरी तापमान तीस अंशांच्या जवळ गेलं की कुठलीही साथ ओसरते, असं साधारण चित्र. १९१७ साली ब्रुक्स नावाच्या गृहस्थाने याचा सविस्तर अभ्यास छापला. त्याचा एक निष्कर्ष असा की कोरडी, तापलेली हवा साथीला मारक ठरते, आणि कोरड्या उन्हात पिसूच फार दिवस जगत नाही हे तर माहीत होतंच. बरोबरच आहे. नगरचा मे महिना माणसाला सहन होत नाही, पिसूचं काय घेऊन बसलात.

पण फक्त तेवढंच असतं तर हा लेख इथेच संपला असता. खरी मजा पुढे आहे, आणि ती जंतूच्या आत आहे.

१९१४ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बॅकट आणि मार्टिन यांनी पिसवांची पोटं फाडून बघितली (लोक काय काय करतात!). पिसूच्या पोटाच्या तोंडाशी एक झडप असते, आतून काटेरी. प्लेगचे जंतू या काट्यांना धरून वाढतात आणि त्यांचा एक चिकट गोळा होतो. झडप चोंदते. आता ही पिसू चावते, रक्त ओढते, पण रक्त पोटात जातच नाही, गोळ्यावर आपटून उलटं येतं, येताना जंतू घेऊन येतं, आणि चावल्या जागी उतरतं. पिसूची भूक भागत नाही म्हणून ती वेड्यासारखी चावत सुटते. उपाशी राहून शेवटी मरते, पण मरेपर्यंत प्लेग वाटत फिरते. इतकी दुष्ट योजना कुणी ठरवून केली असती तर त्याला पेटंट मिळालं असतं.

हा गोळा कशाने होतो? जंतू स्वतःभोवती एक डिंकासारखा पदार्थ तयार करतात. तो तयार करणाऱ्या जीन्सच्या गटाला 'एचएमएस' म्हणतात, आणि हे जीन्स नसतील तर पिसू चोंदत नाही हे १९९६ मध्ये हिनेबुश वगैरेंनी दाखवलं. आता नीट वाचा. हा डिंक जंतू गार हवेतच बनवतो, साधारण पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास. तीसच्या वर गेलं की डिंकाचं काम बंद पडतं, आणि सदतीस अंशांना तर डिंकाचा हुकूम देणारं प्रोटीन जंतू स्वतःच तोडून टाकतो. कॅव्हनॉ नावाच्या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हाच धागा पकडून सांगितलं की उष्ण हवेत पिसूचा बोळा निघून जातो आणि म्हणून साथ ओसरते. (बोळा न होताही पिसू सुरुवातीचे काही दिवस थोडाफार प्लेग पसरवू शकते असं नंतरच्या प्रयोगांत दिसलंय, त्यामुळे सगळं श्रेय डिंकाला द्यायला नको. पण मोठी गोष्ट ही आहेच.)

थोडक्यात, पणजीच्या 'उन्हं तापली की'चा निम्मा अर्थ जंतूच्या एका जीनगटात लपला होता.

आता उरलेला निम्मा. डिंक गार हवेत बनवायचा आणि सदतीसला बंद करायचा, हे जंतूला कशासाठी हवंय? सदतीस अंश म्हणजे काय? आपण. आपलं शरीर, उंदराचं शरीर. येर्सिनिया पेस्टिसला (हे त्याचं आडनाव-नाव, १८९४ मध्ये हाँगकाँगला त्याला शोधणाऱ्या येर्सिनवरून) आयुष्यात दोनच पत्ते आहेत, एक पिसू आणि दुसरा गरम रक्ताचा प्राणी. दोन्हीकडे लागणारं सामान पूर्णपणे वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड एकच, पण कॉन्फिगरेशन दोन, आणि कुठलं लोड करायचं हे ठरवणारा व्हेरिएबल म्हणजे तापमान. जंतूला डोळे नाहीत, नाक नाही. आपण कुणाच्या आत आहोत हे कळायला त्याच्याकडे सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ऊब.

हे पहिल्यांदा फार सुंदर रीतीने दिसलं १९५९ साली, त्याच कॅव्हनॉच्या आणि रँडल यांच्या प्रयोगात. गार तापमानात वाढलेले जंतू, म्हणजे पिसूतून आलेल्यांसारखे, आपल्या पांढऱ्या पेशींपुढे टाकले तर पेशी त्यांना खाऊन टाकतात. पिसूने चावल्यावर आत आलेले बहुतेक जंतू असेच मरतात. पण पांढऱ्या पेशींचे प्रकार असतात. एका प्रकारच्या पेशी जंतू गिळून मारून टाकतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशींत गिळलेले काही जंतू जिवंत राहतात. तिथे सदतीस अंशांच्या उबेत त्यांना काही तास मिळतात, आणि बाहेर पडताना ते वेगळेच झालेले असतात. अंगावर एक जाड आवरण चढलेलं असतं, आता त्यांना कुठलीच पेशी गिळू शकत नाही. मग ते जवळच्या गाठीत पोचतात आणि गाठ सुजते. आपल्याच पोलिस चौकीत बसून चोराने वेष बदलावा तसला प्रकार आहे हा.

पण जंतूला तापमान 'कळतं' म्हणजे नक्की काय? इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला, कारण सेन्सर दिसल्याशिवाय आपलं समाधान होत नाही.

पांढऱ्या पेशींना निकामी करायला जंतूकडे एक सुईसारखं यंत्र असतं. पेशीला टोचायचं आणि आत विषारी प्रोटीन्स सोडायची. या यंत्राचे जीन्स मुख्य गुणसूत्रावर नाहीत, सुमारे सत्तर हजार अक्षरांच्या एका वेगळ्या वर्तुळाकार डीएनएवर आहेत, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. सगळी मिळून डझनावारी जीन्स, आणि त्यांना एकदम कामाला लावणारं एक प्रोटीन, एलसीआरएफ. पाथर्डीकडची ऊसतोड टोळी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच कळेल. एलसीआरएफ हा मुकादम. मुकादम आला की टोळी हलते, तो नसेल तर कोयते गाडीतच. त्यामुळे प्रश्न उरतो एवढाच, की मुकादमाला कधी बोलवायचं?

कुठलंही प्रोटीन बनताना आधी जीनची एक नक्कल निघते, आरएनएची, निरोपाच्या चिठ्ठीसारखी. ती चिठ्ठी रायबोसोम नावाचं यंत्र वाचतं आणि प्रोटीन बनवतं. वाचायला सुरुवात कुठून करायची याची चिठ्ठीवर एक खूण असते. मुकादमाच्या चिठ्ठीत गंमत अशी, की खुणेच्या जरा आधी चार 'यू' अक्षरं सलग आहेत, आणि चिठ्ठी स्वतःवरच दुमडून हे चार यू खुणेच्या अक्षरांना जाऊन चिकटतात. केसात लावायच्या आकड्यासारखा आकार होतो. खूण झाकली गेली. रायबोसोम येतो, बघतो, सुरुवातच सापडत नाही, निघून जातो. चिठ्ठी आहे, पण वाचता येत नाही. पण ही चिकट तशी कच्चीच असते. उष्णता वाढली की सुटायला लागते, आणि सदतीस अंशांच्या आसपास आकडा उघडतो. खूण मोकळी. मुकादम तयार. टोळी कामाला.

म्हणजे वेगळा सेन्सर नाहीच! ना काही प्रोटीन, ना सिग्नल, ना मधे कुणी निरोप्या. निरोपाचा कागदच थर्मामीटर. १९९३ मध्ये हो आणि गोगेन यांनी प्लेगच्या जंतूबद्दल ही कल्पना मांडली, आणि २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने प्लेगच्या सख्ख्या भावात, येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलॉसिसमध्ये, ती तपशीलवार सिद्ध केली. त्यांनी आकडा उघडूच नये अशी अक्षरं बदलली, तर त्या जंतूची उंदरांना आजारी पाडायची ताकदच गेली. दोन-चार अक्षरांचा फरक. प्रॉडक्शनमधल्या एका चुकीच्या फ्लॅगने अख्खं ॲप झोपलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना आश्चर्य वाटणार नाही :-)

याशिवाय दुसरं कुलूप पण आहे. गार असताना वायएमओए नावाचं एक प्रोटीन त्या जीन्सवर बसून त्यांना दाबून ठेवतं, आणि सदतीसला जंतूच्याच कात्र्या त्याला तोडतात. एवढं करून सुई तयार झाली तरी ती टोचायची कधी, यासाठी आणखी एक अट दिसते. प्रयोगशाळेत सदतीस अंशांना कॅल्शियम नसलेल्या द्रावात ठेवलं की जंतूची वाढ थांबते आणि विषारी प्रोटीन्स बाहेर पडू लागतात. हे पन्नासच्या दशकापासून माहीत आहे, पण त्याचा शरीरातला नेमका अर्थ काय यावर बराच वाद झालाय, त्यात मी शिरत नाही.

मला सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. अशा जंतूंच्या बाहेरच्या पडद्यावर स्निग्धाम्लांच्या शेपट्या असलेला एक रेणू असतो. आपलं शरीर तो रेणू ओळखतं आणि लगेच धोक्याची घंटा वाजवतं. प्लेगचा जंतू गार असताना या रेणूला सहा शेपट्या लावतो. सदतीसला मात्र चारच. चार शेपट्यांचा रेणू आपल्या घंटेला नीट ओळखता येत नाही. म्हणजे घरात चोर शिरलाय, गाठीत लाखोंनी वाढतोय, आणि घंटा गप्प. २००६ मध्ये अमेरिकेत एका गटाने प्लेगच्या जंतूत ई. कोलायचा एकच जीन घातला, ज्यामुळे तो सदतीसला पण सहा शेपट्या लावत राहिला. तो जंतू उंदरांना दिला. घंटा वाजली, उंदीर वाचले. सुई तशीच होती, प्लाझ्मिड तसेच होते. फक्त तापमानाप्रमाणे शेपट्या कमी करणं जमेना, आणि इतिहासातला सगळ्यात भयंकर जंतू फुसका ठरला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुन्हा १८९७ च्या मुंबईकडे वळलो, आणि एक जुनी गोष्ट वेगळी दिसायला लागली. वॉल्डेमार हाफकिनची बाटली.

हाफकिन हा मूळचा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली नि एक व्हरांडा मिळाला, आणि तीन महिन्यांत त्याने लस केली. मांसाच्या सूपात जंतू वाढवायचे, पण त्याने वर तुपाचे किंवा तेलाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांना खालून धरून लोंबत वाढतात, गुहेतल्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे. बाटली हलवली की ते तळाशी पडतात आणि पुन्हा नवे लोंबू लागतात. साधारण सहा आठवड्यांनी सगळं गरम करून मारायचं, कार्बोलिक घालायचं, झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्याने १० सीसी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

या बाटल्या कुठल्या तापमानाला होत्या? मुंबईच्या खोलीच्या. प्लेगच्या जंतूचं ते जाड आवरण, ज्याला पुढे १९५२ मध्ये एफ-वन असं नाव पडलं, ते मुख्यतः सदतीस अंशांना बनतं. लिस्टर इन्स्टिट्यूटच्या शुट्झने १९३२ मध्ये दाखवलं की शरीराच्या तापमानाला वाढवलेल्या जंतूंवर एक आवरण असतं, गार वाढवलेल्यांवर ते जवळजवळ नसतं, आणि लसीचा जोर बऱ्याच अंशी त्या आवरणावर अवलंबून आहे. म्हणजे हाफकिन (नकळत) पिसूच्या कॉन्फिगरेशनमधला जंतू लोकांना ओळखायला शिकवत होता, आणि प्रत्यक्ष लढाई होती माणसाच्या कॉन्फिगरेशनमधल्या जंतूशी. टेस्टिंग एका एन्व्हायर्नमेंटमध्ये, रिलीज दुसऱ्यात. मुंबईची हवा लंडनइतकी गार नाही, तिथे थोडंफार आवरण बनत असणार, असा माझा तर्क. मुंबईऐवजी शिमल्याला लस केली असती तर कदाचित आणखी कमी चालली असती.

पण हाफकिनला कमी लेखायचा मोह इथे टाळायला हवा, कारण ती लस चालली. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये त्याने एकाच घरातल्या काहींना टोचलं, काहींना नाही, आणि नंतर येऊन मोजलं. प्लेग शिरलेल्या २८ कुटुंबांत न टोचलेले ६४, त्यातले २७ आजारी पडले, २६ गेले. टोचलेले ७१, त्यातले ८ आजारी, ३ गेले. एकच घर, एकच छप्पर, एकच पिसवा. जीन म्हणजे काय हे माहीत नसलेल्या काळात, रस्त्यावर दंगली चालू असताना, इतकी स्वच्छ तुलना करणारा माणूस मोठाच. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतून धनुर्वाताने १९ माणसं गेली आणि खापर त्याच्यावर फुटलं, तो निर्दोष असल्याचं मान्य व्हायला १९०७ उजाडलं. त्या प्रकरणावर वेगळा लेख होईल.

तसं बघितलं तर जंतूची ही दोन कॉन्फिगरेशन्स फार जुनी नाहीत. ताम्र-कांस्ययुगातल्या हाडांतून जो प्लेगचा डीएनए मिळालाय, त्यातल्या सुरुवातीच्या जंतूंत पिसूच्या पोटात तगायला लागणारा वायएमटी नावाचा जीन नाही. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत तो दिसतो. म्हणजे माणसांना मारता येत होतं, पण पिसूचा पत्ता नंतर मिळाला. तो मिळाल्यावर प्लेग खऱ्या अर्थाने प्लेग झाला.

आता शेवटचा टप्पा, आणि तो नगरच्या कुंपणालाच लागून आहे. १९६६ नंतर भारतात प्लेगची एकही पक्की केस नव्हती. शहाण्या माणसांनी तो इतिहासात जमा केला होता. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरायला लागले. मग पिसवांचा त्रास सुरू झाल्याचं लोकांनी सांगितलं, आणि ऑगस्टच्या अखेरीस गाठीचे रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला आणि मग सगळं जगच हललं. लाखो लोक सुरत सोडून गेले, विमानं बंद झाली, टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब झालं. एकूण मृत्यू छप्पन्न. शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने काहीच नाहीत, कारण आता औषध होतं.

हा प्लेगच होता की दुसरं काही, यावर मोठा वाद झाला. बरेच डॉक्टर म्हणत होते की इतकी वर्षं नसलेला रोग असा अचानक येईलच कसा. पुढे बीड आणि सुरतेतून मिळालेल्या जंतूंच्या डीएनएची तपासणी झाली आणि ते येर्सिनिया पेस्टिसच निघाले. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरातल्या भूकंपानंतर धान्य आणि उंदीर यांची गणितं बदलली, असं कारण तेव्हा अनेकांनी मांडलं. ते किती खरं ते असो. पण महिने बघा. ऑगस्ट, सप्टेंबर. मराठवाड्यात पाऊस पडून गेलेला, घरांतली हवा पंचवीस-सव्वीसच्या आसपास. दख्खनच्या पठारावर पूर्वी ज्या दिवसांत साथ सुरू व्हायची तेच हे दिवस.